एका यादीचे दोन वाचक



स्मृतिव्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संगणकाच्या एका दोन अक्षरी आज्ञेविषयी बोलले जावे, आणि तेही त्या आज्ञेने दाखवलेल्या नावांभोवती अवतरणचिन्हे असावीत की नसावीत या प्रश्नाविषयी, हे प्रथमदर्शनी अनेकांना विचित्र वाटेल. विषय इवलासा आहे हे मान्यच करावे लागेल. मात्र या इवल्या प्रश्नावर जगभरातील जाणकारांनी कडाक्याचे वाद घातले आहेत, त्यातील चुकांमुळे माणसांच्या डिस्का पुसल्या गेल्या आहेत, आणि त्याचा निकाल लावायला संगणकशास्त्राला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला आहे. इतका काळ का लागावा, हा आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

प्रथम वस्तुस्थिती. संगणकावर काम करण्याचे दोन मार्ग आहेत : एक चित्रांवर टिचकी मारण्याचा, जो सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि दुसरा आज्ञा टंकून देण्याचा, ज्यात काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचे. या दुसऱ्या मार्गाच्या खिडकीला टर्मिनल म्हणतात, आणि टंकलेली ओळ वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. युनिक्स आणि तिच्या वंशातील लिनक्स या प्रणालींत एखाद्या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, कोणत्या फाईली आहेत हे पाहायचे असेल, तर ‘एलएस’ ही आज्ञा द्यावी लागते. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या युनिक्सची पहिली नियमपुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 रोजीची आहे, आणि तिच्यात ही आज्ञा आहे. नाव दोनच अक्षरांचे का, याचे एक कारण त्या काळच्या यंत्रांत सापडते : टेलिटाइप मॉडेल 33 हे टंकयंत्र सेकंदाला 10 अक्षरे छापत असे आणि त्याच्या कळा दाबायला जड असत, त्यामुळे प्रत्येक अक्षराची काटकसर होई.

आता एक डिरेक्टरी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात तीन फाईली आहेत. एकीचे नाव ‘अंतिम’, दुसरीचे ‘अहवाल’, आणि तिसरीचे, मधल्या मोकळ्या जागेसह, ‘अंतिम अहवाल’. कोणत्याही कार्यालयातील संगणकावर सहज सापडावी अशीच ही नावे आहेत. जुन्या पद्धतीची एलएस या तिन्ही फाईली एकाच ओळीत, नावानावांत किमान दोन मोकळ्या जागा सोडून, मांडत असे. म्हणजे पडद्यावर काय दिसे? अंतिम, मग अंतिम, मग अहवाल, मग पुन्हा अहवाल. चार शब्द. फाईली तीन की चार? कोणता शब्द कोणाला जोडायचा? याचे उत्तर एक मोकळी जागा आणि दोन मोकळ्या जागा यांतील फरक डोळ्यांनी टिपण्यावर अवलंबून होते. वाण्याकडे ‘काळे मीठ तीळ’ असे स्वल्पविरामाशिवाय लिहिलेली यादी गेली, तर वाणी अनुभवाने पुड्या बांधतो. शेलकडे तो अनुभव नाही.

आणि धोका पुढेच आहे. वापरणाऱ्याला तिसरी फाईल, म्हणजे ‘अंतिम अहवाल’, काढून टाकायची आहे असे समजावे. फाईल पुसण्याची आज्ञा ‘आरएम’. यादीत जसे दिसले तसे त्याने आरएमपुढे टंकले : अंतिम, मोकळी जागा, अहवाल. शेलच्या दृष्टीने मोकळी जागा ही दोन शब्दांमधली भिंत आहे, म्हणून त्याने आरएमच्या हाती दोन वेगळी नावे दिली. परिणाम असा, की ‘अंतिम’ गेली, ‘अहवाल’ गेली, आणि जी पुसायची होती ती ‘अंतिम अहवाल’ मात्र जागच्या जागी शाबूत राहिली. यंत्राने चूक केली का? नाही. शेलने नियम पाळला, आरएमने सांगितलेले केले. माणसाने तरी यादीत जे वाचले तेच लिहिले. मग दोष कोणाचा? या व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की येथे दोष यादीचा होता : जी यादी वाचून तिच्यातील वस्तू परत मागता येत नाही, ती यादी अपुरी आहे.

हा घोळ मुळात उत्पन्न का झाला, हे समजण्यासाठी प्रणालीच्या आतील दोन अधिकाऱ्यांचे परस्परविरोधी कायदे ध्यानात घ्यावे लागतात. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो नावांच्या बाबतीत कमालीचा उदार आहे. त्याने केवळ दोनच गोष्टींना मज्जाव केला : एक तिरकी रेघ, कारण ती डिरेक्टरी आणि फाईल यांना वेगळे करते, आणि दुसरा शून्य-बाइट, कारण तो नावाचा शेवट दर्शवतो. बाकी सर्व चालते. मोकळी जागा चालते, अवतरणचिन्ह चालते, तारांकन चालते, इतकेच काय, नावाच्या मध्येच नवी ओळ सुरू करणारे अदृश्य चिन्हसुद्धा चालते. शेल मात्र याच्या उलट कडक आहे. त्याच्या लेखी यातील जवळजवळ प्रत्येक चिन्हाला काही ना काही विशेष अर्थ आहे. कर्नलने जे नाव बिनबोभाट स्वीकारले, तेच नाव शेलच्या दारात आले की त्याचे तुकडे होतात. एलएस या दोघांच्या मध्ये उभी आहे : ती नावे घेते कर्नलकडून, आणि तिने दाखवलेली नावे माणूस पुढे देतो शेलला.

सुरुवातीच्या काळात हा विरोध कोणाला जाचला नाही, याचे कारण साधे आहे. पहिल्या युनिक्समध्ये फाईलचे नाव आठ अक्षरांचे असे. पुढे ती मर्यादा 14 झाली, कारण डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद 16 बाइटांची होती आणि त्यातील दोन बाइट फाईलच्या अंतर्गत क्रमांकासाठी खर्ची पडत. चौदा अक्षरांत मोकळ्या जागेची चैन कोण करणार? 1983 मध्ये बर्कलीच्या 4.2 बीएसडी या आवृत्तीने ही मर्यादा 255 पर्यंत नेली. दरम्यान 1979 च्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला होता, आणि त्यात एक असा निर्णय होता, ज्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली : एखाद्या चलात, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या नावात, ठेवलेला मजकूर अवतरणचिन्हांशिवाय वापरला, तर शेल त्या मजकुराचे मोकळ्या जागांवर पुन्हा तुकडे करतो. छोट्या नावांच्या जगात ही सोय होती. मोठ्या नावांच्या जगात तो सापळा झाला.

आणि मोठी नावे आली ती सामान्य माणसांबरोबर. 1984 मध्ये आलेल्या मॅकिंटॉशने नावात मोकळी जागा ही पूर्णपणे स्वाभाविक गोष्ट मानली, आणि का मानू नये? जे लोक पत्रे आणि हिशेब लिहीत होते, ते शब्दांमध्ये जागा सोडूनच लिहीत होते. 1995 च्या विंडोजने डॉसची आठ अधिक तीन अक्षरांची चौकट मोडली आणि खुद्द प्रणालीच्या एका मुख्य फोल्डरला ‘प्रोग्राम फाईल्स’ असे दोन शब्दी नाव दिले, ज्यामुळे मोकळ्या जागेचा विचार न करता लिहिलेले प्रोग्राम ताबडतोब उघडे पडले. विंडोजच्या आज्ञा-खिडकीत मात्र ‘डीआयआर’ ही आज्ञा तारीख, वेळ आणि आकार आधी देऊन नाव ओळीच्या शेवटी ठेवते, त्यामुळे नाव कोठे सुरू होते याचा संभ्रम तेथे उरत नाही. युनिक्समध्येही एलएसची सविस्तर यादी मागवली, तर नाव शेवटीच येते. गोंधळ आहे तो अनेक नावे शेजारी शेजारी मांडणाऱ्या रकान्यांच्या यादीत, आणि नेमकी तीच यादी दिवसभर सर्वाधिक पाहिली जाते.

मोकळी जागा किती महागात पडू शकते, याचा सार्वजनिक दाखला नोव्हेंबर 2001 मधला आहे. ॲपलच्या मॅक ओएस टेन या प्रणालीसाठी आयट्यून्स 2.0 प्रसिद्ध झाले. त्याच्या स्थापनेची जी शेल स्क्रिप्ट होती, तिच्यात डिस्कचे नाव धारण करणारे चल अवतरणचिन्हांशिवाय वापरले गेले होते. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत शेलने त्या नावाचे तुकडे केले आणि जुना प्रोग्राम काढून टाकण्याची आज्ञा भलत्याच ठिकाणी जाऊन लागली. लोकांच्या अख्ख्या डिस्का पुसल्या गेल्या. कंपनीने ती आवृत्ती मागे घेऊन 2.0.1 दिली, ज्यात दुरुस्ती म्हणजे थोडीशी अवतरणचिन्हे होती. दहा वर्षांनी, 2011 मध्ये, बंबलबी नावाच्या लिनक्सवरील एका प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये उलटा प्रकार घडला : मार्गाच्या मध्येच एक फालतू मोकळी जागा पडली, आणि एका उपफोल्डरऐवजी ‘यूएसआर’ ही प्रणालीची मुख्य डिरेक्टरीच आरएमच्या तोंडी गेली.

येथे एक पोटविषय टाळता येत नाही. या सर्व काळात जाणकारांचा ठरलेला उपदेश होता, की नावात मोकळी जागा देऊच नये, तिच्याऐवजी अधोरेखा वापरावी. हा उपदेश व्यवहारात उपयोगी आहे, पण विचार म्हणून तो उफराटा आहे. प्रणालीने जे उघडपणे चालवून घेतले, ते वापरणाऱ्याने स्वतःहून टाळावे, आणि टाळले नाही तर नुकसान त्याचे, असा हा न्याय. शेलचा नियम बदलता येत नव्हता अशातलाही भाग नाही : बेल लॅब्जच्याच ‘प्लॅन नाइन’ या उत्तराधिकारी प्रणालीतील ‘आरसी’ हा टॉम डफ यांचा शेल चलातील मजकुराचे पुन्हा तुकडे करत नाही, आणि 1990 मध्ये पॉल फॉल्स्टॅड यांनी लिहिलेला ‘झेडएसएच’ हाही मूळच्या ठेवणीत ते करत नाही. विशेष म्हणजे प्लॅन नाइनमधील एलएस शेलला खटकणारी नावे आपणहून अवतरणचिन्हांत दाखवत असे. वाट माहीत होती. मुख्य रस्त्यावरच्या वाहतुकीला ती घ्यायला फार उशीर झाला, एवढेच.

तो उशीर संपला जानेवारी 2016 मध्ये. लिनक्सवरील एलएस ही ‘ग्नू कोअरयुटिल्स’ नावाच्या संचात येते. या संचाच्या 8.25 या आवृत्तीपासून एलएसने ठरवले, की आपण थेट टर्मिनलवर लिहीत असू, आणि नावात शेलला खटकणारे चिन्ह असेल, तर ते नाव असे दाखवायचे की ते जसेच्या तसे उचलून शेलला परत देता यावे. वरील उदाहरणात आता पडद्यावर ‘अंतिम’ आणि ‘अहवाल’ ही नावे उघडी दिसतात, आणि ‘अंतिम अहवाल’ एकेरी अवतरणचिन्हांत. नावातच एकेरी चिन्ह असेल, जसे सन बेचाळीस हे कोणी ‘सन’, मोकळी जागा, वर एक टिंबवजा चिन्ह आणि 42 असे लिहिले, तर एलएस त्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालते. नावात नव्या ओळीचे अदृश्य चिन्ह असेल, तर पूर्वी पडद्यावर तेथे नुसते प्रश्नचिन्ह येई, ज्यातून काहीच बोध होत नसे. आता तेथे डॉलरचे चिन्ह, उलटी तिरकी रेघ आणि एन असे शेलला समजणारे लेखन येते. पुढे आणखी एक बारकावा आला : ज्या यादीत एखादे तरी नाव अवतरणात असते, तेथे बाकीच्या उघड्या नावांपुढे एक मोकळी जागा सोडली जाते, जेणेकरून सर्व नावांची पहिली अक्षरे एका रेषेत येतात आणि अवतरणचिन्ह हे नावाचा भाग नाही हे नजरेला कळते. ज्याने हा बारकावा सुचवला, त्याला छपाईतील समासाची जाण असली पाहिजे.

यावर स्वागतापेक्षा तक्रारीच मोठ्या आवाजात उठल्या. काय म्हणणे होते? की यादी विद्रूप झाली. की नावात नसलेली चिन्हे दाखवणे हा खोटेपणा आहे. की चाळीस वर्षांची सवय कोणालाही न विचारता मोडली. की नवशिक्याला वाटेल, चिन्हे खरोखरच नावात आहेत. यांतील शेवटचा आक्षेप वजनदार आहे आणि वरच्या मोकळ्या जागेच्या युक्तीने तो अर्धाच शमतो. सवयीचा आक्षेपही हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण हाताला बसलेली आज्ञा ही कामाची पुंजी असते. पण खोटेपणाचा आक्षेप मात्र तपासला की कोसळतो. दोन नावांची एक ओळ आणि एका नावाची एक ओळ सारखीच दिसावी, हा खरेपणा कसा? आणि नव्या ओळीच्या जागी प्रश्नचिन्ह छापणारी जुनी यादी तरी नावात नसलेले चिन्ह दाखवत नव्हती काय? ज्यांना जुनेच हवे, त्यांच्यासाठी एलएसला मोठे एन हा पर्याय देण्याची किंवा एका पर्यावरणीय चलातून ते कायमचे ठरवण्याची सोय आहेच. मॅक आणि फ्रीबीएसडी येथील एलएस तर आजही मूळच्या ठेवणीत अवतरणचिन्हे घालत नाही.

या बदलातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट अजून सांगायची आहे. एलएस आपले लेखन कोण वाचणार आहे हे आधी तपासते. समोर टर्मिनल असेल, तर वाचक माणूस आहे असे ती धरते आणि रकाने मांडते, अवतरणचिन्हे घालते. तेच लेखन पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रामचे निष्पन्न दुसऱ्याच्या पोटात सोडणाऱ्या नळातून, जात असेल, तर ती मुकाट्याने एका ओळीवर एक नाव, अवतरणाविना, देते. माणसासाठी रकाने आणि यंत्रासाठी ओळी हा भेद बर्कलीच्या काळापासूनचा. 2016 ने त्यात अवतरणचिन्हांची भर घातली. म्हणूनच जुन्या स्क्रिप्टी त्या दिवशी मोडल्या नाहीत. परंतु याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा : माणूस जी यादी पाहतो, ती आणि प्रोग्रामला मिळते ती, या दोन वेगळ्या याद्या आहेत. माणसाची यादी आता निःसंदिग्ध झाली. प्रोग्रामची झाली नाही, कारण नावात नवी ओळ असेल तर यंत्र एका फाईलच्या दोन फाईली मोजते. एलएसचे निष्पन्न स्क्रिप्टमधून वाचू नये, हा जाणकारांचा दंडक त्यामुळेच टिकून आहे, आणि त्या कामासाठी ‘फाइंड’ या आज्ञेला नावानावांत शून्य-बाइट टाकायला सांगतात, कारण नावात येऊ न शकणारे तेवढेच एक सोयीचे चिन्ह उरते. 2021 च्या 9.0 या आवृत्तीत एलएसलाही तशी सोय मिळाली.

मराठी वाचकाचा या प्रकरणाशी संबंध काय? इंग्रजी वाचकापेक्षा अधिकच आहे. रकान्यांची यादी टर्मिनलवर नीट दिसते ती प्रत्येक चिन्ह ठरावीक रुंदीच्या चौकटीत बसते म्हणून. देवनागरीतील मात्रा आणि जोडाक्षरे त्या चौकटीत बसत नाहीत. पुष्कळ टर्मिनलांत काना सुटतो, जोडाक्षर फाटते, रकाने वाकडे होतात. एक मोकळी जागा की दोन, हा फरक ज्यावर सगळी जुनी यादी तोललेली होती, तो देवनागरीत धड दिसतच नाही. अशा वेळी नावाभोवतीची दोन चिन्हे हाच नावाच्या सीमेचा विश्वासू पुरावा ठरतो. (मोडी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती आणि दप्तरे तरीही वाचली जात, असे कोणी म्हणेल, पण मोडी वाचणारा कारकून मजकुराचा अर्थ जाणत असे.)

शिवाय युनिकोडच्या यूटीएफ-8 या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून 255 बाइटांच्या नावात मराठीची 85 चिन्हेच मावतात, आणि काना, मात्रा, हलन्त हे सर्व त्यात स्वतंत्र मोजले जातात. टर्मिनलला देवनागरी येत नाही अशी प्रणालीची समजूत असली, की नवी एलएस ‘म’ हे अक्षर 340, 244, 256 अशा तीन अष्टमान अंकांत मांडते. ते वाचवत नाही, पण शेलला परत देता येते. जुनी एलएस तेथे तीन प्रश्नचिन्हे छापून मोकळी होई. मात्र एका ठिकाणी अवतरणचिन्हेही हात टेकतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो, एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी, कर्नलच्या लेखी मात्र दोन वेगळी नावे. एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या’ नावाच्या दोन फाईली शांतपणे नांदू शकतात, आणि शोध घेणाऱ्याला त्यातील एकच सापडते.

मोठ्या संस्थात्मक पातळीवर या प्रश्नाची दखल 2024 मध्ये घेतली गेली. युनिक्स-सदृश प्रणालींचे वर्तन ठरवणाऱ्या पॉसिक्स या मानकाच्या त्या वर्षीच्या आवृत्तीने शून्य-बाइटने नावे वेगळी करण्याची फाइंडची सोय अधिकृत केली, आणि नव्या ओळीचे चिन्ह असलेली नावे निर्माणच होऊ देऊ नयेत याला उत्तेजन दिले. मोकळ्या जागेला मात्र मानकाने हात लावलेला नाही. ती कायदेशीर होती आणि कायदेशीर राहिली, आणि तेच रास्त आहे. म्हणून जे विद्यार्थी आणि शिक्षक शेल शिकतात वा शिकवतात, त्यांना एकच विनंती करावीशी वाटते, की चलाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालण्याचा नियम पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातून काढून पहिल्या दिवशी फळ्यावर लिहावा, आणि सरावाच्या फोल्डरमध्ये मोकळी जागा असलेली, मराठीत नाव दिलेली एक तरी फाईल मुद्दाम ठेवावी.